टनाचा भाव ठरला, तासाचा कधी?

‘परदेशात शेतावर काम, ताशी इतके डॉलर, राहणं फुकट’ अशा रील्स स्क्रोल करता करता आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. त्यातल्या खऱ्या किती आणि एजंटच्या किती, हा वेगळा विषय. मला त्यातला ‘ताशी’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. कारण नीरा-भीमेच्या संगमावर, आपल्या नरसिंहपूरच्या शिवारातही दरवर्षी बाहेरची माणसं येऊन हंगामी शेतकाम करतात, आणि त्यांच्या मजुरीच्या हिशेबात तास हा शब्दच नसतो. असतो तो फक्त टन.

नरसिंहपूर म्हणजे पुणे जिल्ह्याचं शेवटचं टोक. नीरेच्या पलीकडे माळशिरस, भीमेच्या पलीकडे माढा. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात कालव्याचं पाणी आलं, उजनीचं आलं, त्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशी नावं इथल्या पोराला पाढ्यासारखी पाठ असतात. या कारखान्यांचा ऊस तोडायला मात्र बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतून माणसं येतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या तालुक्यांतली गावंच्या गावं दिवाळीनंतर रिकामी होतात. राज्यभरात अशा मजुरांची संख्या आठ-दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. ती आपल्याच राज्यातली, आपलीच भाषा बोलणारी माणसं. तरी गावात त्यांची ओळख ‘बीडवाले’ एवढीच राहते. नरसिंहाच्या जयंतीला, वैशाखात, इथे गर्दी होते तेव्हा त्यांच्या कोप्यांच्या जागेवर फक्त काळी पडलेली चूल उरलेली असते.

आता मुद्द्याकडे येऊ. शेतमजुराला किमान वेतनाचा कायदा आहे का? आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेती पहिल्यापासून होती, आणि शेतीच्या व्याख्येत पिकाची कापणी आणि माल वाहनापर्यंत पोचवणं हेही होतं. म्हणजे फडात कोयता चालवणारी बाई आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणारा गडी, दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेने तर परिशिष्टाची भानगडच काढून टाकली. किमान वेतन आता सगळ्याच कामांना लागू आहे.

मग ऊसतोडीचा दर कुठे ठरतो? तो साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यातल्या करारात ठरतो. ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के वाढ झाली. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने ३४ टक्के वाढ ठरली, आणि टनाला २७३ रुपयांच्या आसपास असलेला तोडणीचा दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला. मुकादमांचं कमिशनही वाढलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये ३४ हा आकडा ठळक होता आणि तो खरंच मोठा आहे, नाही म्हणायचं कारण नाही. संपाशिवाय आणि नेत्यांनी ताणून धरल्याशिवाय तेवढाही मिळत नाही. पण ही वाढ म्हणजे किमान वेतन नव्हे. कायद्यातल्या किमान वेतनाला महागाईचा विशेष भत्ता जोडलेला असतो आणि महाराष्ट्रात तो दर सहा महिन्यांनी बदलतो. ऊसतोडीचा दर एका करारापासून दुसऱ्या करारापर्यंत जागेवरच उभा राहतो. तेल-डाळ तेवढी थांबत नाही.

वही-पेन घ्या, हिशेब करू

समजा एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला. ‘कोयता’ म्हणजे इथे हत्यार नाही, तर नवरा-बायकोची जोडी. मजुरी मोजायचं एककच ते. एकटा माणूस असला तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. दोन टनांचे ३६६ च्या दराने झाले ७३२ रुपये. दोघांत वाटले तर माणशी ३६६. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर आहे ३१२ रुपये. म्हणजे ऊसतोड बरीच की, असं वाटेल.

इथेच आपण फसतो. रोजगार हमीचा दिवस आठ तासांचा. ऊसतोडीचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो, तोडणी, साळणी, मोळ्या बांधणी उरकेपर्यंत दुपार उलटते, आणि मग ट्रॅक्टरची वाट बघायची. ट्रॅक्टर कारखान्यावर रांगेत अडकलेला असतो. तो संध्याकाळी आला तर संध्याकाळी भरायचा, रात्री अकराला आला तर अकराला. बारा तास धरले तरी कमीच. बारा तासांनी भागलं की माणशी ताशी साडेतीस रुपये पडतात. रोजगार हमीचे ३१२ आठाने भागा, ३९ रुपये. आणि दिवसाला दोन टनांऐवजी दीडच टन निघाला, ऊस पडलेला असला, रान ओलं असलं, खोडवा बारीक असला, तर माणशी दिवसाचे २७५ सुद्धा होत नाहीत आणि तासाचे उरतात जेमतेम २३.

अजून एक पायरी पुढे जाऊ. नव्या वेतन संहितेत जादा कामाला निदान दुप्पट दर सांगितलाय. फक्त मोजपट्टी म्हणून रोजगार हमीचाच दर घेतला, आठ तासांचे ३१२ आणि वरच्या चार तासांचे दुप्पट दराने ३१२, तर बारा तासांचे माणशी ६२४ होतात, जोडीचे १,२४८. हातात पडतात ७३२. हे आकडे मी मुद्दाम साधे ठेवलेत. तुमच्या गावातल्या फडावर टन आणि तास वेगळे असतील. ते घालून स्वतः करून बघा, फरक किती पडतो ते दिसेल.

तोडीप्रमाणे पैसे देणं बेकायदा आहे का? नाही. नगावर, टनावर मजुरी देता येते. पण १९४८ च्या कायद्यातच एक कलम होतं, सतरावं. कामाचा वेळेवरचा किमान दर ठरलेला असेल आणि नगावरचा ठरलेला नसेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येणार नाही. नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. सोप्या भाषेत, टनाचा हिशेब करा, पण दिवसाच्या शेवटी तो किमान वेतनाच्या खाली गेला तर वरचा फरक मालकाने भरायचा. कागदावर किती स्वच्छ आहे बघा. अडचण एवढीच की फरक काढायला तास नोंदवावे लागतात, आणि फडात हजेरीपुस्तक नसतं.

रोजगार हमीचं कामही मापावरच मोजलं जातं, हे इथे कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. पण तिथे माप असं ठरवायचं असतं की साधारण माणसाला तेवढ्या वेळात तेवढी मजुरी पडावी. आधी दिवस, मग माप. ऊसतोडीत उलटं आहे. टनाचा भाव बैठकीत ठरतो आणि तो पडण्यासाठी दिवस हवा तेवढा लांबवायचा.

सर्वोच्च न्यायालयाने हे आधीच सांगितलंय

दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधकामं चालू होती. मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मिळत होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये बंदी असलेली वेठबिगारी. बंदूक रोखली तरच सक्ती होते असं नाही, गरिबीमुळे दुसरा पर्याय नसणं हीसुद्धा सक्तीच. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांचा निकाल आला. तिथे रस्त्याच्या कामावर टोळीने किती काम केलं त्यावर मजुरी दिली जात होती आणि ती किमान वेतनाखाली जात होती. दुष्काळात मदत म्हणून काम देतोय, मग कमी दिलं तर काय झालं, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. टोळी, माप, दुष्काळी भाग. ही गोष्ट राजस्थानची वाटते का?

आता परदेशातल्या त्या ‘ताशी’कडे जाऊ. अमेरिकेत हंगामी शेतीसाठी बाहेरच्या देशांतून, मुख्यतः मेक्सिकोतून, मजूर आणायचे तर ‘एच-टू-ए’ नावाचा व्हिसा आहे. त्यात प्रत्येक राज्यासाठी तासाचा किमान दर ठरलेला असतो. कल्पना अशी की बाहेरचा मजूर स्वस्तात आणून स्थानिक मजुराची मजुरी पाडू नये. पेटीवर किंवा बादलीवर पैसे दिले तरी तासाच्या दरापेक्षा कमी भरले तर वरचा फरक मालकाने द्यायचा. आपल्या सतराव्या कलमासारखंच. पण त्याच्याबरोबर आणखी गोष्टी येतात. किती तास काम दिलं आणि किती झालं हे पगाराच्या पावतीवर लिहावं लागतं, राहायची जागा फुकट द्यावी लागते, करारात सांगितलेल्या एकूण तासांपैकी निदान तीन चतुर्थांश तासांच्या कामाची हमी द्यावी लागते, आणि भरतीसाठी मजुराकडून पैसे घ्यायला बंदी आहे. ब्रिटनमध्येही हंगामी शेतमजुराला आठवड्याला निदान ३२ तासांचे पैसे द्यावे लागतात.

तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला, भांडलं तर परतीचं विमान. कॅनडाच्या अशाच योजनेला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी आधुनिक गुलामगिरीला खतपाणी घालणारी योजना म्हटलं होतं. अमेरिकेनेही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दर काढायची पद्धत बदलली आणि तासाचा दर खाली आणला. पण खाली आणला हे कळलं कसं? दर तासाचा होता म्हणून. आपल्याकडे मजुरी खाली गेली की वर, हे टनाच्या भावावरून कळतच नाही.

मालक कोण?

आपल्या फडात या प्रश्नाचं उत्तर मिळवून दाखवा. ऊस शेतकऱ्याचा. तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी. वाहतूकदार पैसे देतो मुकादमाला, मुकादम मजुरांना. मजूर जखमी झाला, विहिरीत पडला, पैसे कमी मिळाले, की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, पण नावातच आंतरराज्य. बीडहून इंदापूरला यायला राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही, म्हणून तो कायदा यांच्या कामाचा नव्हता. नव्या संहितेतही स्थलांतरिताच्या व्याख्येत राज्याची हद्द आहेच. गुऱ्हाळावर बिहारमधून आलेला मजूर त्यात बसतो, दोनशे किलोमीटरवरून आलेला आपला मराठी माणूस बसत नाही. हे मला सगळ्यात विचित्र वाटतं.

कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात मात्र तत्त्व सरळ होतं. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची. कारखाने म्हणतात, आम्ही मूळ मालक नाही. पण करार करायला टेबलावर कोण बसतं? साखर संघच. दर ठरवताना मालक आणि तास मोजताना त्रयस्थ, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

मुकादम हा खलनायक आहे असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. तो बऱ्याचदा कालचा मजूरच असतो. आणि उचल घेऊन टोळीच पळाली म्हणून कर्जात बुडालेले ट्रॅक्टरवाले आपल्या भागातही कमी नाहीत. ते आपल्याच घरांतले असतात. पण ही सगळी साखळी उभी आहे ती एका गोष्टीवर, उचलीवर.

उचल म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम. पोरीचं लग्न, दवाखाना, मागच्या वर्षीचं देणं, पावसाळ्यातलं खाणं यात ती संपून जाते. समजा एका कोयत्याने एक लाख उचलले. ३६६ च्या दराने ते फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागेल. रोज दोन टन धरले तर १३७ दिवस, तेही एकही दिवस खाडा न करता आणि मध्ये बाजाराला खर्ची न घेता. आता कॅलेंडर बघा. २०२४-२५ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातले बहुतेक कारखाने बंद झाले. म्हणजे जेमतेम १२० दिवस, आणि तेही कारखाना पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालला तर. उचल फिटणार कशी? ती फिरते, पुढच्या हंगामावर जाते. अमेरिकेतल्या त्या तीन चतुर्थांश हमीचा अर्थ मला या हिशेबानंतर कळला. हंगाम लवकर संपण्याचा धोका तिथे मालकाच्या अंगावर थोडा तरी येतो. इथे तो पूर्ण कोयत्याच्या अंगावर आहे.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेच्या बदल्यात नाममात्र मजुरीवर काम करणं किंवा दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य गमावणं याला वेठबिगारी म्हटलंय, आणि किमान वेतनापेक्षा कमी म्हणजे नाममात्र अशी व्याख्याही तिथेच आहे. त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. साखर आयुक्तालयाचा विषय म्हणून तो सोडून देता येत नाही.

अर्धा कोयता

आता त्या ‘माणशी ३६६’ कडे परत या. मी दोघांत समान वाटणी केली ती वहीवर. प्रत्यक्षात हिशेब कोयत्याचा होतो आणि पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर येतात. बाईची मजुरी वेगळी नोंदलीच जात नाही. स्त्री-पुरुषांना समान मजुरी असा कायदा १९७६ पासून आहे, पण जिथे बाईची मजुरीच दिसत नाही तिथे समान कशाशी करायची? पुन्हा पहाटेचा स्वयंपाक, पाणी, लेकरं यांचे तास कुठेच नाहीत. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याला उलटा दंड, पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त. पाळीत, आजारात, गरोदरपणात खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये सरकारी समितीमार्फत पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. यामागे डॉक्टर, अंधश्रद्धा, वैद्यकीय सोयींचा अभाव अशी अनेक कारणं आहेत. पण सुट्टीच्या दिवशी पैसे कापणारी मजुरीची पद्धत हेही एक कारण आहे, आणि त्यावर चर्चा फार कमी होते.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलं. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आहे. चांगल्या गोष्टी आहेत. फक्त कल्याण आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी ऊस आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न येणारच: मजुरी वाढली की ती आमच्याच बिलातून कापणार ना? हो, तोडणी-वाहतूक खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतूनच वजा होतो. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणीचे ३६६ म्हणजे त्याच्या साधारण दहा टक्के. वर लवकर तोड मिळावी म्हणून शेतकरी टोळीला, ड्रायव्हरला ‘खुशाली’ देतो ती वेगळीच. थोडक्यात, फरक आजही शेतकरीच भरतोय, फक्त पावतीशिवाय. आणि किमान वेतनाचा फरक एफआरपीतूनच कापायचा की साखर, इथेनॉल, विजेच्या उत्पन्नातून द्यायचा, हे कायद्याने नव्हे, कारखान्याच्या संचालक मंडळाने ठरवलेलं आहे. त्या मंडळाला मत आपल्याच घरचे देतात. मजुरी वाढवली तर हार्वेस्टर येतील, अशी भीतीही घातली जाते. ते तसेही येतायत, सरकारी अनुदान घेऊन.

शेतकरी आणि तोडकरी यांच्यात भांडण लावणं सोपं आहे. पण दोघांचे पैसे एकाच काट्यावर ठरतात. काटामारीविरुद्ध शेतकरी संघटना कित्येक वर्षं बोलतायत. वजनात टन गायब झाला तर शेतकऱ्याचे साडेतीन हजार जातात, आणि त्याच टनाबरोबर कोयत्याचे ३६६ सुद्धा जातात. संघटनांच्या मागणीपत्रात हे दोघे एकत्र अजून फारसे दिसलेले नाहीत.

पुढच्या करारात पुन्हा टक्के ठरतील. त्याआधी राज्य सरकारला एक काम करता येईल: फडात जाऊन घड्याळ लावायचं. उभ्या उसाला किती वेळ, पडलेल्याला किती, खोडव्याला किती, मोळ्या भरायला आणि गाडीची वाट बघायला किती, हे मोजायचं आणि त्यावरून टनाचा असा दर काढायचा की आठ तासांत साधारण बाईला आणि साधारण गड्याला किमान वेतन पडेल. रोजगार हमीच्या खड्ड्यासाठी हे मोजमाप होतं. हंगाम चालू आहे, फड चालू आहेत, आणि इंदापूर-बारामतीत समाजकार्य, अर्थशास्त्र शिकणारी, प्रोजेक्टसाठी विषय शोधणारी पोरं भरपूर आहेत.